ओढ्याकडेचे आठ फूट

आमच्या उसाच्या रानाला लागून ओढा आहे, पुढे तो कृष्णेला मिळतो. ओढा आणि ऊस यांच्यामध्ये वडिलांनी गवताची पट्टी राखली होती. ते गेल्यावर मी ती टेपने मोजली. आठ फूट भरली. दोन सऱ्या वाढतील म्हणून मोडून टाकली.

आई बांधावर उभी होती. "रानातलं समदं धुऊन खाली जाईल की रं," म्हणाली.

"अगं, ओढा काय आपल्या एकट्याचा हाय व्हय?" मी म्हणालो.

भादव्यात आमच्या घरची गौर ओढ्यावरून येते. तांब्यात ओढ्याचं पाणी, पाच खडे आणि तेरड्याची रोपं. लग्न होऊन आल्यापासून आईने ती एकदाही चुकवली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी पावसाने ओढ दिली. गौरीच्या दोन दिवस आधी मी दोन एकरांत तीन पोत्यांच्या जागी सहा पोती युरिया टाकला आणि मोटार ऑटोवर ठेवून मिरजेला गेलो. आमच्याकडे लाईटचा भरवसा नसल्यामुळे सगळ्यांच्याच मोटारी ऑटोवर असतात. लाईट आली की आपोआप सुरू होतात. त्या दिवशी लाईट गेलीच नाही. सहा तास सऱ्या भरून वाहत होत्या. जिथं पट्टी होती, तिथूनच सगळं पाणी ओढ्यात उतरलं.

गौरीच्या दिवशी आई आणि माझी बायको ओढ्यावर गेल्या, तेव्हा मी रानातच होतो. पाण्याला वास येत होता. काठाला मेलेले मासे लागले होते. मी मोजले, एकोणीस.

"आत्ती, औंदा नळाचं भरूया," बायको म्हणाली.

"नळातनं कवा गौर आली का गं?" आईने तांब्या उपडा करून काखेत धरला आणि ती घरी निघाली. त्या वर्षी गौर नळाच्याच पाण्यावर बसली. पुढची दोन वर्षंही.

ऊस तुटल्यावर मी त्या दोन सऱ्या मोडून मारवेल गवत लावलं. ऑटो काढला. युरिया निम्मा केला, तोही थोडा थोडा, मातीआड. ओढ्याच्या वरच्या अंगाला अकरा जणांची रानं आहेत. प्रत्येकाच्या दारात गेलो. दोघांनी पट्टी सोडली. एकजण हसून म्हणाला, "तुमी सोडा की आठ फूट, आमी येतो गवत कापायला."

यंदा आषाढात आई अंथरुणाला खिळली. एका सकाळी तिने विचारलं, "पाणी निवळलं का रं?"

आदल्याच दिवशी मी पाहून आलो होतो. निवळलं नव्हतं.

"निवळलं," मी म्हणालो.

"मग औंदा जाते मी," ती म्हणाली, आणि तांब्या घासून ठेवायला सांगितलं.

बायकोने घासून ठेवला. श्रावण लागायच्या आत आई गेली.

मारवेल आता गुडघाभर आहे. काल पुन्हा टेप लावली, आठ फूट पुरे भरतात. पाणी अजून हिरवंच आहे. तांब्या फळीवर तसाच उपडा आहे.