आठातले पाच

राधाकृष्णाच्या जिभेचा प्रयोगशाळेत मोठा बोलबाला होता. नगर-मनमाड रस्त्यावरच्या त्या अन्नसंशोधनाच्या इमारतीत तो तरुणपणी काचेची भांडी धुवायला लागला. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की या माणसाला शिळं, करपलेलं, खवट चटकन कळतं. मग त्याला चाखणाऱ्यांच्या पंगतीत बसवलं, आणि बघता बघता तो त्या पंगतीचा म्होरक्या झाला. मान मिळायला लागला की माणसाला तो अंगावरच्या शर्टासारखा वाटायला लागतो. गावाकडच्या लग्नात आचारी त्याच्यापुढे आमटीची वाटी धरायचे आणि हे महाशय डोळे मिटून, सगळ्यांना ताटकळत ठेवून, मग निकाल द्यायचे. वर म्हणायचे, "आपलं काय, देवानं दिलंय."

संक्रांतीच्या सुमारास त्याला ताप आला. ताप उतरला, पण नाक गेलं. सर्दी नाही, दुखणं नाही, नुसता वास गेला. केडगावच्या घरी गॅसवर दूध करपून पातेल्याचं बूड काळं झालं आणि हा शेजारी बसून मोबाईल बघत होता. बायको, लंकाबाई, अंगणातून धावत आत आली. "आवं, नाक हाय का न्हाई तुमाला?" ती आपली रागानं बोलली, तिला कुठं काय ठाऊक! पण याला दरदरून घाम फुटला.

डॉक्टरांनी सांगितलं, वास परत येईल, किंवा येणारही नाही. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू कळत होतं. बाकी चव म्हणजे सगळा नाकाचा कारभार, आणि तोच बंद. नाक नसलेला राधाकृष्ण म्हणजे परत भांडी धुणारा राधाकृष्ण, हा हिशेब त्यानं मनातल्या मनात कधीच केला होता. शिवाय प्रयोगशाळेतली परीक्षा अशी, की तीन कप पुढे येतात, दोन सारखे आणि एक वेगळा. तो वेगळा कप ओळखायचा. अंदाजानं बोट ठेवलं तरी तिनात एकदा बरोबर येतंच. चुकलं तर चुकलं, चुकतं कधी कधी सगळ्यांचंच. असं करत त्यानं आषाढ गाठला.

आषाढातल्या त्या सोमवारी पुढ्यात आली ती शेंगदाणे, गूळ आणि दूधपावडरची खीरवजा लापशी. राजूरकडच्या डोंगरातल्या अंगणवाड्यांमध्ये अशक्त मुलांना ती द्यायची, डॉक्टरांच्या पथकानं दर आठवड्याला मुलांचं वजन करायचं आणि मुलं भरतात का ते बघायचं, असं ते संशोधन होतं. पाकिटं पाच महिने गोदामात होती. यंत्रांनी ती ठीक ठरवली होती. पण शेंगदाण्याचं तेल खवट होतं ते आधी माणसाच्या नाकाला कळतं, म्हणून आठ जणांनी ताजी आणि साठवलेली चाखून सांगायचं होतं. फरक सापडला नाही तर माल त्याच दुपारी निघणार. ड्रायव्हर कल्याणचा टेम्पो भरून फाटकाशी उभाच होता.

रंगावरून कुणी ओळखू नये म्हणून चाखायच्या छोट्या खोलीत लाल दिवा लावलेला असतो. राधाकृष्णानं पहिला कप तोंडाला लावला. गोड. आधीची चव जावी म्हणून चुरमुरे खाल्ले, कोमट पाण्यानं चूळ भरली. दुसरा कपही गोड. तिसराही गोडच. त्यानं नाक कपात खुपसून जोरात श्वास ओढला. काहीच नाही. शेवटी त्यानं मधल्या कपाचा नंबर लिहिला आणि बाहेर आला.

व्हरांड्यात सविता उभी होती. ऑफिसात टायपिंग करायची, दोन महिन्यांपूर्वीच पंगतीत घेतलेली, घरी दोन लहान मुलं. ती हळूच म्हणाली, "काका, एक कप खवट होता ना? मला तर मळमळलं."

त्याच क्षणी राधाकृष्णानं खरं बोलायला हवं होतं. पण इतक्या दिवसांचा मान आडवा आला. "खवट न्हाई त्ये," तो म्हणाला. "शेंगदाना जादा भाजला की तसंच लागतंय. तुजी जीब अजून कच्ची हाय."

सविताचा चेहरा पडला. "असंल," म्हणून ती आत गेली.

निकाल सांगायला पंकजा मॅडम हॉलमध्ये आल्या. आकडेमोड सगळी त्यांच्याकडे. बोलणं मोजकं आणि चुकीला माफी नाही, अशी बाई. "आठांपैकी पाच जणांनी वेगळा कप ओळखला," त्या म्हणाल्या. "पण आठ जणांत पाच नुसत्या नशिबानंही जमू शकतात. म्हणून आपला नियम सहाचा आहे. फरक आहे असं म्हणता येणार नाही."

सविता अर्धवट उठली. "मॅडम, मला वास..."

"राधाकृष्णकाकांनाही ओळखता आलं नाही," मॅडम म्हणाल्या. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि सविता खाली बसली. ज्यांना वास आला होता तेही गप्प. याला नाही लागलं म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. बाहेर कल्याणनं टेम्पो सुरू केला.

त्या आवाजानं राधाकृष्णानं फाटकाकडे बघितलं. लाज तर वाटलीच, पण त्याहून भीती वाटली. डोंगरातलं एखादं हडकुळं पोर वाटी पुढं करून बसलंय, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांपुढं आलं. तो उभा राहिला.

"मॅडम, मला वास येत न्हाई."

"कशाचा?"

"कशाचाच न्हाई. मी अंदाजानं लिवलं."

हॉलमध्ये काही जण हसलेसुद्धा. काका थट्टा करतायत, असंच वाटलं त्यांना. पंकजा मॅडम हसल्या नाहीत. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या. त्यानं मिटले. पावलं वाजली, कपाट उघडलं, मग सगळं शांत. तो वाट बघत राहिला. खोकला कुणाचा तरी, खुर्ची सरकल्याचा आवाज. बराच वेळ झाला तसं तो म्हणाला, "आना की मॅडम, काय आनताय त्ये."

त्यानं डोळे उघडले. केवड्याच्या इसेन्सची उघडी बाटली त्याच्या नाकाशी धरलेली होती, आणि मागच्या रांगेतल्या लोकांनीसुद्धा रुमाल लावले होते.

मॅडमनी बाटलीला बूच लावलं. "निकाल बघून माणूस वगळायचा नसतो," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "पण ज्याला वासच येत नाही तो चाखणारा नव्हताच. म्हणजे चाखणारे सात. सातांपैकी पाच." किती जणांत किती बरोबर यायला हवेत, त्याच्या भिंतीवरच्या तक्त्यावर त्यांनी बोट ठेवलं, एकदा खाली आणलं, परत वर नेलं. "सात जणांत पाच पुरतात. फरक आहे."

आणि त्या खिडकीकडे धावल्या. "कल्याण! थांबव गाडी! माल उतरव!"

टेम्पो फाटकात गचका खाऊन थांबला. राधाकृष्णाला क्षणभर वाटलं, चला, निभावलं. नोकरीचं व्हायचं ते होवो, पोरं वाचली.

"कधीपासून?" मॅडमनी मागे वळून विचारलं.

"संक्रांतीपास्नं."

त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे मार्चच्या खेपेला तुम्ही..."

"हुतो. तवाबी अंदाजच."

याच लापशीची मार्चमधली खेप राजूरला जाऊन पोचली होती, वाटली गेली होती. मुलं खात नाहीत, तोंडातून काढून टाकतात, असा अंगणवाडीतून निरोपही आला होता. तेव्हा इथे चहा पिता पिता त्यावर बोलणं झालं होतं, आणि मग विषय मागे पडला होता.

सविता आता उभी होती. "पोरं थुंकत होती, काका. त्यांना कळत होतं. आणि आपण इथं बसून काय म्हणालो? डोंगरातल्या पोरांना चांगलंचुंगलं खायची सवय नाही, म्हणून नखरे करतात. असं म्हणालो आपण."

राधाकृष्णानं मान वर केली नाही.

"आपन न्हाई, सविता," तो म्हणाला. "त्ये मी म्हनलो हुतो."