अच्युतकाकांची साक्ष

माझ्या बाजूनं साक्ष द्यायला म्हणून मी ज्यांना कोर्टात नेलं, ते तिथं माझ्या नवऱ्याच्या बाजूचं बोलून आले. ते अच्युतकाका पांढरीपांडे. आज मी त्यांच्यावर लिहायला बसले आहे, तेही आभार मानायला. माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना हे खरं वाटणार नाही.

काका भोपाळला, पिपलानीतल्या कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या क्वार्टरसमोर राहायचे. मूळचे नागपूरचे, नोकरी कारखान्याच्या टाइम ऑफिसात. कोण कुठल्या पाळीला आलं, कुणी कुणाशी ड्यूटी बदलली, सगळं त्यांच्या रजिस्टरात. बोलणं मात्र अगदी मोजकं. पंगतीत वाढणाऱ्याला त्यांना दोनदा विचारावं लागे, कारण पहिल्यांदा ते उत्तरच देत नसत.

माझा नवरा विजय त्याच कारखान्यात टर्नर. आमचं फाटलं तेव्हा मी सात वर्षांच्या चिमीला घेऊन भोपाळातच कोलार रोडला भावाकडे आले. पुढे मला नाशिकच्या एका शाळेत कायमची नोकरी लागली. विजयनं लगेच फॅमिली कोर्टात अर्ज लावला: मुलीला भोपाळबाहेर न्यायचं नाही, ताबा मला द्या. नोकरी धरू की लेक, असं होऊन बसलं.

माझे वकील म्हणाले, "बाप रात्रपाळीला असतो एवढं सिद्ध करा. रात्री मुलगी कुणापाशी राहणार?" मला तर आनंदच झाला. विजय महिन्यातल्या वीस-वीस रात्री कारखान्यात काढायचा. माझं तोंड बघायला नको म्हणूनच, अशी माझी पक्की खात्री. दिवसा तो घरीच असे, म्हणून चिमीला शाळेत सोडायचा, आणायचा, जेवू घालायचा. त्यात कसले आलेत उपकार?

साक्षीचं समन्स मिळालं तसे काका भावाच्या घरी आले. "सुचेता, मला बोलावू नकोस."

"घाबरता कशाला काका? रजिस्टरात आहे तेवढंच सांगायचं."

ते उठून गेले. काय म्हणायचं होतं ते विचारायची बुद्धी मला झाली नाही.

कोर्टात काकांनी चार वर्षांच्या रात्रपाळ्या वाचून दाखवल्या. आमचे वकील खूश. ते खाली बसणार, इतक्यात जजसाहेबांनी विचारलं, "एक ही आदमी की इतनी नाइट क्यों?"

"साहब, इनकी इतनी नाइट लगती नहीं थी," काका म्हणाले. "दूसरों की माँगकर ली हैं. बीवी सुबह सात बजे पढ़ाने निकलती थी, दिन में बच्ची के पास कोई चाहिए था. ड्यूटी बदलने की हर पर्ची पे वजह लिखी है."

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं मला. आधी काकांचा संताप आला. मग विजयकडे बघितलं, तर तो मान खाली घालून बसलेला. चार वर्षांत त्यानं हे मला सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सांगितलं असतं तरी मी ऐकून घेतलं नसतं. केस हातची गेली, चिमी गेली, एवढंच मला कळत होतं.

जजसाहेबांनी विजयला विचारलं, काही म्हणायचंय का. तो हिंदीतच बोलला, पण मला ते मराठीतच आठवतं. "साहेब, सगळे म्हणायचे, या बापाला पोरीचं काय पडलंय. ते खोटं ठरावं म्हणूनच मी भांडत होतो. आज ते कोर्टात लिहून झालं. आता तिला आईबरोबर जाऊ द्या."

त्याच आठवड्यात समझोता झाला. विजयच्या सुट्ट्या जोडून काकांनीच तारखा बसवून दिल्या, आणि तो दर दोन महिन्यांनी आठवडाभर नाशिकला येऊ लागला. चिमी आता कॉलेजात आहे. काही अडलं की आधी बापाला फोन लावते. माझा थोडा जळफळाट होतो, पण बरंच वाटतं. केस माझ्या मनासारखी झाली असती तर हा फोन लागलाच नसता.

साक्षीच्या दिवशी कोर्टाबाहेर मी काकांना गाठलं. "काका, माझी पोर गेली असती."

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "दोन दिवस घास उतरला नाही, बेटा."

भर आवारात, वकिलांच्या देखत, मी त्यांच्या पाया पडले.