हलकं झालेलं स्टेअरिंग

नारायणभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या सूनबाईंनी, मंगलानं केला तेव्हा मी उपकेंद्रात लसींची पेटी उघडून बसले होते. "शिस्टर, आबा गेले... चहा मागितला, अन् मी आणेपर्यंत..." महिना उलटून गेला. शोकसभेत लोक माझंच कौतुक करत राहिले, शिस्टरबाईंनी रात्री-अपरात्री गाडी काढून किती जीव वाचवले म्हणून. मला मान वर करता येईना. ती गाडी माझ्या हातात कशी आली, हे तिथं कुणी बोललं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी डोणगावची. नर्स म्हणून जळगाव जामोदकडच्या या गावात आले तेव्हा गावात चारचाकी एकच होती, भाऊंच्या वडिलांनी घेतलेली काळी अँबॅसिडर. बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, भाऊ स्वतः गाडी काढत. स्टेअरिंगला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. गावात बीटी कापूस पहिल्यांदा त्यांनीच पेरला आणि घरोघर जाऊन सांगितलं, अळीसाठी फवारायचं कामच राहणार नाही. सुरुवातीची काही वर्षं ते खरंही ठरलं. मग मावा आला, तुडतुडे आले, अळीही परतली, आणि फवारे पूर्वीपेक्षा जहाल झाले. एके दिवशी भाऊंच्याच शेतात त्यांचा मजूर श्रीराम फवारत होता. तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत, वारा समोरून. अर्ध्या दिवसाचं तर काम, म्हणून भाऊंनी लक्ष दिलं नव्हतं. दुपारी श्रीराम सऱ्यांमध्येच कोसळला.

मी त्याला घेऊन मागे बसले, शेजारी त्याची बायको कमला. भाऊंचा उजवा खांदा पूर्वी पडल्यामुळे अधू झाला होता, पण ते कुणाला सांगत नसत. त्या जुन्या गाडीचं स्टेअरिंग जात्यासारखं जड. नाल्याजवळच्या वळणावर ते पुरतं फिरलंच नाही आणि गाडी चारीत उतरली. श्रीरामच्या तोंडाला फेस येत होता. भाऊ स्टेअरिंग धरून तसेच बसून राहिले. "माहा हात वळला नाही, शिस्टर... वळलाच नाही." मागून येणाऱ्या कापसाच्या ट्रॅक्टरवर आम्ही श्रीरामला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण नजर जवळपास गेली.

तो घरी आल्यावर भाऊ भेटायला गेले. कमला उंबऱ्यातच उभी राहिली. "भाऊ, तुमी मोठे मानूस. पन आमच्या दारात ही गाडी उभी करत जाऊ नका." भाऊंनी हात जोडले आणि मागे फिरले. त्यानंतर गाडीसाठी त्यांच्याकडे कुणी गेलं नाही. एका बाळंतिणीला तर बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. भाऊ पारावर बसेनासे झाले, शेतात जाताना गावाबाहेरची वाट धरू लागले.

मग गाडी दिसेनाशी झाली. ती खामगावला उस्मानभाईंच्या गॅरेजमध्ये होती. नव्या मॉडेलचं पॉवर स्टेअरिंग जुन्या गाडीला बसवायचं, म्हणजे इंजिनावर पंप हवा, पट्टा हवा, तेलाची टाकी हवी. कुठलंच सरळ बसेना. शेवटी खटपट करून ते बसवलं. गाडी परत आली तेव्हा लोक हसले. अळीनं कापूस गेला अन् भाऊची हौस पाहा. भाऊंनी ते ऐकलं. गाडी उपकेंद्रासमोर लावून त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"बसा, शिस्टर."

"मी? मला सायकल सोडून काही चालवता येत नाही, भाऊ."

"शिकवतो नं. मले आता कोनी हाक मारनार नाही, अन् मारू बी नाही. तुमाले मारतील. मनून तर हलकं करून आनलं. आता एका हातानं फिरते."

माळरानावर त्यांनी मला शिकवलं. चालता चालता इंजिन बंद पडलं की स्टेअरिंग पुन्हा दगडासारखं व्हायचं आणि मी घाबरायचे. ते शेजारी बसून एवढंच म्हणायचे, "होते, होते. पुन्हा चालू करा."

वेचणीच्या दिवसांत कमलाच्या मुलीला साप चावला. कमला धावत माझ्याकडे आली. मी गाडी काढली, तोवर भाऊही ऐकून आले होते आणि दूर लिंबाखाली उभे होते. पोरगी वेदनेनं पाय झाडत होती. तिला धरून ठेवणं एकट्या कमलाला जमेना. तिनं लिंबाकडे पाहिलं. "भाऊ, बसा मागं. इचा पाय धरा, हालू देऊ नका." दवाखान्यापर्यंत भाऊंनी तो पाय मांडीवर धरून ठेवला. पोरगी वाचली. परतताना कमलानं गाडी तिच्या दारापर्यंत आणायला सांगितली.

पुढे कधीतरी मी भाऊंना म्हटलं, कमलाबाईंनी माफ केलं तुम्हाला. "तिनं केलं असन... श्रीरामले दिसते काय?"

कमलाच्या मुलीला नेलं त्या दिवसापासून भाऊ प्रत्येक फेरीला येत, पण पुढे कधीच बसले नाहीत. मागच्या सीटवर, डाव्या कोपऱ्यात, पेशंटला धरून, खाली पाहत. ते ठीक आहेत ना हे दिसावं म्हणून मी आरसा त्या कोपऱ्यावर वळवून ठेवला होता. आताही तो तसाच आहे. त्यामुळे मागून येणारी वाहनं नीट दिसत नाहीत. परवा मंगला म्हणाली, "शिस्टर, आरसा सरळ करा, धोका आहे." मी हो म्हटलं, आणि गाडी सुरू केली...