ब्रेकताईचं दुखणं

गाडी शिकवायच्या मोटारीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याची घाबरगुंडी उडाली की शिकवणाऱ्याने तिथून गाडी सांभाळायची. ती अशीच गाडी शिकवायची, आणि तिचा पाय त्या ब्रेकवर इतका हलका पडायचा, की गाडी आपणच थांबवली असं शिकणाऱ्याला वाटायचं. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे तिला ब्रेकताई म्हणत. बायका मुद्दाम तिचंच नाव सांगून यायच्या. ती कधी आवाज चढवत नसे. कुणी गाडी दुभाजकावर चढवली तरी, "हं, आता रिव्हर्स टाका," एवढंच म्हणायची.

"काय डोकं थंड आहे हो तुमचं!" असं लोक म्हणायचे. ती हसायची. खरी गोष्ट अशी, की महिन्यातले काही दिवस ओरडण्याइतका जोरच तिच्या अंगात नसायचा. उरलेले दिवस पुढच्या फेरीची वाट बघण्यात जायचे.

दुखणं सुरू झालं तेव्हा ती शाळेत होती. ओटीपोटात कुणीतरी ओलं कापड पिळतंय असं वाटायचं, आणि ते पिळणं पाठीतून मांड्यांपर्यंत उतरायचं. एकदा वर्गाच्या दारातच उलटी झाली. आई न्यायला आली, घरी आणून गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवली आणि म्हणाली, "सगळ्यांनाच होतं गं. तू जरा नाजूकच आहेस." मोठी बहीण त्या दिवसांतही धावण्याच्या शर्यतीत पळायची. ती म्हणाली, "परीक्षा जवळ आली की हिचं पोट बरोबर दुखतं." त्यावर घरात सगळे हसले. ती पण हसली. न हसून सांगणार कुणाला?

मग डॉक्टर सुरू झाले. एकाने गॅस सांगितला, दुसऱ्याने आम्लपित्त. तिसऱ्याने अपेंडिक्स काढून टाकलं. दुखणं होतं तिथेच राहिलं. एक वयस्कर डॉक्टर म्हणाले, "लग्न झालं की थांबेल." लग्न झालं, थांबलं नाही. तेव्हा दुसरे म्हणाले, "मूल झालं की थांबेल." मूल झालंच नाही. सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी रिपोर्ट हातात देताना तोंडभरून हसत सांगितलं, "सगळं अगदी छान आहे!" तिने त्यांचे आभार मानले आणि बाहेर येऊन जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मुळात कमी बोलणारा, आणि सज्जन. नवऱ्याजवळ जातानाही दुखायचं, ते तिने त्याला बरेच दिवस सांगितलं नाही. छताकडे बघत पडून राहायची. शेवटी एकदा सांगितलं, तर तो दचकून उठून बसला. "आधी का नाही बोललीस?" त्यानंतर त्याने तिला कधी त्रास दिला नाही. पलंगाच्या पार कडेला झोपायला लागला. तो चांगुलपणाने लांब गेला आणि तिने थकून त्याला जाऊ दिलं. मधली जागा तशीच रिकामी राहिली.

हळूहळू तिने मनाला काही लावून घेणंच सोडून दिलं. कुणाची गोड बातमी आली की पेढे घ्यायची, कुणी खोचक बोललं की मान डोलवायची. राग, रडू, हेवा, सगळं कुठेतरी लांब दुसऱ्याच्या घरात चालल्यासारखं ऐकू यायचं. हातून कामं मात्र वेळच्या वेळी व्हायची.

अशात एका शाळेच्या मुख्याध्यापिका तिच्याकडे गाडी शिकायला आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, आवाज खणखणीत. शाळेत त्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने वर्ग गप्प व्हायचा म्हणे. त्यांच्या यजमानांची नजर कमी झाली होती, म्हणून गाडी बाईंना शिकणं भाग होतं. पण स्टिअरिंगवर बसल्या की त्यांची पाचावर धारण बसायची. मोठ्या चौकाच्या तर त्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत.

"आज चौक घेऊ या," असं ब्रेकताई दर वेळी म्हणायची.

"आज नको, उद्या," असं मुख्याध्यापिका दर वेळी म्हणायच्या, आणि गाडी गल्लीत वळायची.

त्या दिवशी सकाळपासूनच तिचं दुखत होतं. गोळ्या घेऊन ती आली होती. बाजारपेठेच्या रस्त्यावर असताना डाव्या कुशीत काहीतरी फुटल्यासारखी कळ आली. डोळ्यांपुढे अंधार आला. "गाडी कडेला घ्या," असं तिला म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. ती पुढे वाकली आणि कपाळ समोर टेकलं.

"अहो मॅडम! अहो, काय झालं?"

"दवाखाना," ती कशीबशी म्हणाली.

मोठा दवाखाना चौकापलीकडे होता. मुख्याध्यापिकांनी गाडी थांबवून एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. मग मोठ्याने स्वतःलाच हुकूम सोडायला लागल्या. "क्लच दाब. पहिला गिअर टाक. सोड हळू. अगं हळू म्हटलं ना!" मागून हॉर्नचा नुसता गोंगाट झाला. एक रिकामा टेम्पो अगदी अंगावर आला. बाईंनी खिडकीतून त्याच्या ड्रायव्हरला वर्गातल्या आवाजात दरडावलं, "थांब तिथेच!" आणि तो थांबला. गाडी चौकात दोनदा बंद पडली, दोनदा चालू झाली. दवाखान्याच्या दारातल्या फुलांच्या कुंडीला धडकून थांबली.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरबाई होती. रात्रपाळी करून डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. तिने पोट तपासलं आणि विचारलं, "पाळीच्या दिवसांत शौचाला जाताना दुखतं का?"

ब्रेकताईने डोळे उघडले. इतक्या डॉक्टरांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

"हो."

"आणि नवऱ्याजवळ जाताना?"

मुख्याध्यापिका तिथेच उभ्या होत्या. त्या घाईघाईने भिंतीवरची आगीची सूचना वाचायला लागल्या.

"हो."

"किती दिवसांपासून आहे हे?"

"शाळेपासून."

डॉक्टरबाईने नळी गळ्यात टाकली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. म्हणाली, "तपासण्या झाल्या की नक्की सांगेन, पण मला हा एंडोमेट्रिओसिस वाटतोय." मग सोपं करून सांगितलं. गर्भाशयाच्या आत एक अस्तर असतं. तसलंच अस्तर काही बायकांच्या पोटात बाहेर, नको तिथे वाढतं. अंडाशयावर, आतड्यावर, कुठेही. तिथे सूज येते, रक्त साठून गाठ होते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. साध्या सोनोग्राफीत पुष्कळदा दिसत नाही. "तुमची गाठ फुटली असावी. ऑपरेशन करावं लागेल."

मुख्याध्यापिका ढसाढसा रडायला लागल्या. त्यांना चौकापासूनच रडू येत होतं, ते आता फुटलं. ब्रेकताईच्या डोळ्यांत टिपूसही आलं नाही. तिने विचारलं, "परवापासून कामावर जाता येईल का?"

पुढे रडायला पुष्कळ वेळ होता. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, आतडं मागच्या बाजूला चिकटलं होतं ते सोडवलं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की हे मुळासकट जाईलच याची खात्री नाही, परत येऊ शकतं, गोळ्या चालू ठेवाव्या लागतील. मुलाचं नवऱ्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "लवकर कळलं असतं तर काही करता आलं असतं. आता वयही झालंय. सांगणं कठीण आहे." नवऱ्याने बरं म्हटलं. खोलीबाहेर येऊन दवाखान्याच्या लिफ्टपाशी तो बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "त्या लिफ्टचं दार खाली घासतंय. सांगितलं पाहिजे कुणाला तरी."

"सांगा," ती म्हणाली.

रोगाला नाव मिळालं की हलकं वाटेल, असं तिला भेटायला आलेल्या प्रत्येकीने सांगितलं. ती वाट बघत राहिली. आपण खोटं बोलत नव्हतो हे आता कागदावर आलं, पण ज्यांना ते दाखवायचं ते डॉक्टर कधीच निवृत्त झाले होते. पहिले काही महिने मात्र पोट खरंच शांत होतं. त्या शांततेचं काय करायचं तेही तिला कळत नव्हतं.

मुख्याध्यापिका सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. ती कामावर परतली त्याच आठवड्यात म्हणाल्या, "माझ्या शाळेत येऊन बोलायचं. मोठ्या मुली, त्यांच्या आया आणि सगळे शिक्षक. पुरुषसुद्धा. मी बघते कोण उठून जातं ते."

"मी काय बोलणार? मला गिअर शिकवता येतात."

"मग तसंच बोला."

ती तसंच बोलली. ना हातवारे, ना आवाजात चढउतार. शाळेच्या सभागृहात पंखे घरघरत होते आणि ती क्लच समजावून सांगावा तसं सांगत होती. "थोडंफार दुखणं वेगळं. पण गोळी घेऊनही शाळा बुडत असेल, उलट्या होत असतील, शौचाला बसताना जीव जात असेल, तर ते 'सगळ्यांनाच होतं' यात बसत नाही. डॉक्टरकडे जायचं. एकाने उडवून लावलं तर दुसऱ्याकडे. मी जात राहिले, पण मला नीट सांगता आलं नाही. पोट दुखतं, एवढंच म्हणायचे. कधी, कुठे, कशाने, ते सगळं सांगा. लाज वाटली तर खाली बघून सांगा, पण सांगा."

पुढच्या रांगेतली एक आई उठली. "पण हे असलं काही आहे असं बाहेर कळलं तर? पोरीला मूल होणार नाही म्हणतील."

"मला झालं नाही," ती म्हणाली. "पुष्कळ जणींना होतं. पण तुमची पोरगी आज वर्गात वाकून बसत असेल, तर आजचं बघा."

ती आई हळूच खाली बसली. एक मुलगी शिंकली आणि तेवढ्यावरून बाकीच्या फिदीफिदी हसल्या.

बहिणीची मुलगी त्याच शाळेत होती. बोलणं संपल्यावर ती सभागृहाच्या मागच्या दाराशी आली. ओठ पांढरे पडलेले. "मावशी," ती म्हणाली, "तू सांगितलंस ना, ते सगळं मला होतं."

ब्रेकताईने तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. "आईला सांगितलंस?"

"आई म्हणते, मावशीवर गेली आहेस."

ती भाचीला घेऊन तशीच बहिणीकडे गेली. आईही तिथेच राहायला होती, डाळ निवडत बसली होती. बहिणीने ऐकून घेतलं आणि भडकली. "माझ्या पोरीच्या डोक्यात नसते रोग भरवू नकोस! भाषणं द्यायला लागलीस म्हणून डॉक्टर झालीस का?"

"तपासून घे. नसलं तर चांगलंच."

"तिला काही झालेलं नाही. सगळ्यांनाच होतं."

"तुला व्हायचं का?" ब्रेकताईने विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

बहिणीने ब्रेकताईच्या खांद्यावरचं दप्तर ओढून घेतलं. तेव्हा आई डाळीत बोटं फिरवत बोलली, "मला व्हायचं. फार व्हायचं. न्हाणीघरात तोंडात टॉवेल कोंबून बसायचे मी. माझ्या आईलाही तसंच व्हायचं. मला खरंच वाटायचं गं, सगळ्यांनाच होतं. ही पळायची, तेव्हा मला हिचंच नवल वाटायचं."

आईने मान वर केली नाही. इतकी वर्षं त्या एका वाक्याचा राग मनात आहे असं ब्रेकताईला वाटत होतं. तिने शोधून पाहिला, सापडला नाही. समोर एक म्हातारी बाई डाळ निवडत होती आणि खडा कधीच निघून गेला होता तरी तीच डाळ पुन्हा पुन्हा चाळत होती. ब्रेकताईने टेबलावरचे कप उचलले आणि विसळून ठेवले.

बहीण नंतर काही काळ तिच्याशी बोलली नाही. पण मुलीला त्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. मुलीच्या गोळ्या सुरू झाल्या. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण परीक्षेला बसण्याइतकं कमी झालं. मग एका दुपारी बहिणीचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हणाली, "ती गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

"नंतर," ब्रेकताई म्हणाली. बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं.

तिचं स्वतःचं दुखणं वर्षभराने परत आलं, पहिल्यापेक्षा कमी. त्या दिवसांत ती आता शिकवणी ठेवत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना तिने कारण नावासकट सांगितलं. ते कानापर्यंत लाल झाले आणि हो म्हणाले. मुख्याध्यापिका लायसन्सच्या परीक्षेत एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा पास झाल्या. ब्रेकताईला त्या दर वर्षी शाळेत बोलावतात आणि ओळखीच्या शाळांनाही तिचा नंबर देतात. ती जाते, तेच सांगते, त्याच आवाजात. कुणी रडून गळ्यात पडलं की पाठीवर हात ठेवून थांबते.

नवरा तिला न्यायला येतो आणि बाहेर व्हरांड्यात थांबतो. परवा एका शाळेतून घरी आल्यावर तो चहा पिताना म्हणाला, "आज तिथले खेळाचे सर आले होते माझ्याकडे. त्यांच्या बायकोला तसंच आहे म्हणाले. मी दवाखान्याचा पत्ता दिला. पण ते नाव मला नीट सांगता येईना."

"एंडोमेट्रिओसिस."

"एंडो... मेट्रो..."

"मेट्रिओ. मेट्रिओसिस."

त्याने पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा चुकला. तिने पुन्हा सांगितलं. चौथ्या खेपेला त्याला जमलं. मग तो कपडे बदलायला आत गेला, आणि ती गॅसवर भात टाकायला उठली.