आतेचा अंगठा

आधार कार्डाच्या नोंदणीला माझ्या आतेनं तीनदा हुलकावणी दिली. आते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पहिल्यांदा गावच्या शाळेत मशीन आलं, तेव्हा ती सकाळीच काजूच्या बागेत जाऊन बसली आणि मशीन परत गेल्यावर डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन आली. दुसऱ्यांदा तिच्या पोटात दुखलं. तिसऱ्यांदा तर तिनं सरळच सांगितलं, ‘‘माका कित्याक व्हया ता? मी काय विमानान जातंय?’’ सगळे हसले. मीही हसलो आणि विषय सोडून दिला.

लग्नानंतर पाचच वर्षांत विधवा होऊन ती आमच्याकडे परत आली होती. मला कळायला लागल्यापासून ती आमच्याच घरात. आईपेक्षा तिच्याच हातचं मी जास्त जेवलो आणि तिच्याच हातचा मारही जास्त खाल्ला. वडील गेले, आई गेली, आते राहिली.

दोन वर्षांपूर्वी ती खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पायरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून पडवीतली खाट हेच तिचं गाव. तरी तिथून सगळा कारभार चालायचा. नारळ कोणी उचलला, कोंबडी कुठे खुडूक बसली, समोरच्या वाटेनं कोण कोणाबरोबर गेलं, सगळं तिला ठाऊक. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि वाटेनं जाणारी माणसं तिला दिसेनाशी झाली. एकदा माझ्या बायकोनं चहा दिला तर तिनं कपाशेजारीच हात फिरवला. कप सापडेना. कोणाला कळू नये म्हणून ती म्हणाली, ‘‘ठेव थंयच, मगे पितंय.’’ त्या दिवशी मला रडू आलं. पाय गेले तेव्हा ती एकदाही कुरकुरली नव्हती. डोळे जाणार म्हणून मात्र ती भ्याली होती.

गावातल्या आशाताईंनी बातमी आणली. पुढच्या महिन्यात डोळ्यांचं शिबिर होतं, ऑपरेशन फुकट, न्यायला-आणायला गाडी. फक्त आधार कार्ड लागणार. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी वर्षभर थांबलात तर डोळे हातचे जातील. आणि पुढचं शिबिर वर्षानंच होतं.

मी हायस्कुलात क्लार्क होतो. लोकांचे दाखले लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि घरातल्याच म्हातारीकडे एक कार्ड नाही! मला माझीच लाज वाटली. अर्ज केला, डॉक्टरांचा दाखला जोडला, सरपंचांची सही आणली, मालवणला चार खेपा घातल्या. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. पण अंथरुणावरच्या माणसासाठी मशीन घरी येतं, आणि ते दहाव्या दिवशी आलंसुद्धा. ऑपरेटर बुवा पन्नाशीचे, शांत. त्यांनी पडवीत स्टूल मागून घेतलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, फोटोसाठी मागे आमची पांढरी चादर टांगून घेतली.

‘‘आजी, हात द्या बघू,’’ ते म्हणाले.

आतेनं दोन्ही मुठी आवळल्या आणि पदराखाली घातल्या.

आधी आम्ही हसलो. मग समजावलं. माझी बायको म्हणाली, ‘‘आतेनू, सुई नाय हां, नुसतो हात ठेवचो.’’ आते ढिम्म. अर्धा तास गेला. माझ्या नाकावर राग असतोच, त्यात ऑपरेटरनी दोनदा घड्याळाकडे बघितलं. मी ओरडलो, ‘‘गो, तुझ्याच डोळ्यांसाठी चल्ला हा ह्या! ह्या कागदान तुझा काय जातला?’’

ती माझ्या आवाजाच्या दिशेनं वळली. चेहरा अगदी शांत होता. ‘‘तुझ्या बापाशीन पण तसाच सांगलेल्यान,’’ ती म्हणाली.

ऑपरेटरनी वायरी गुंडाळल्या. आठ दिवसांनी पुन्हा येईन, तोवर आजींचं मन वळवून ठेवा, असं सांगून ते गेले.

काय झालं होतं ते मला ठाऊक नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं होईल. वडिलांच्या ट्रंकेत हक्कसोडपत्र होतं आणि त्यावर आतेचा अंगठा होता. मी तो कितीदा पाहिला होता. आमच्याकडे बहिणी भावाला हक्क सोडून देतात. ती रीतच आहे, त्यात कोणाला काही वाटत नाही. म्हणजे भावांना वाटत नाही. बहिणींना कोणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

संध्याकाळी मी खाटेवर तिच्या पायांशी बसलो आणि पहिल्यांदा विचारलं. तिनं सांगितलं तेही न रागावता. आजोबा वारल्यावर भाऊ तिला तालुक्याला घेऊन गेला. वारस म्हणून नाव लावायचं आहे, अंगठा दे, असं त्यानं सांगितलं. तिनं दिला. येताना त्यानं तिला लुगडं घेतलं, जत्रेतलं गोड खाजं घेतलं. ती खूश. पुढे तिचा नवरा गेला, ती इथे आली. आणि एका वर्षी पीकपाहणीला आलेले तलाठी खळ्यात बसून सातबाऱ्यावरची नावं वाचत होते, तेव्हा तिला समजलं की तिचं नाव त्यात नाहीच. तिनंच हातानं लावलेली काजूची झाडं, पण नाव नाही.

‘‘मगे तू कायच बोललंस नाय?’’ मी विचारलं.

‘‘भावाच्या घरात रवतलंय आणि भावाकच इचारतलंय?’’ ती म्हणाली. ‘‘तो वायट नव्हतो रे. माका कधी उपाशी ठेवल्यान नाय. पण तेव्हापासून ठरवलंय, आंगठो खंयच देवचो नाय.’’

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. आम्ही मात्र इतकी वर्षं त्याला म्हातारीचा हट्ट म्हणत होतो. त्या रात्री मला वडिलांचा राग आला, आणि वडिलांवर रागावून माझी सुटका होत नाही हेही कळलं. त्या बागेतल्या काजूवर माझं घर चाललं, माझी मुलं शिकली. ‘चुकी बापाशीची’ म्हणून मी हात झटकणार तरी कसा?

आठ दिवसांनी ऑपरेटर आले. मी त्यांना म्हटलं, ‘‘थोडा वेळ लागेल हां.’’ अर्जाची प्रत घेतली, चष्मा लावला आणि आतेला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं मालवणीत वाचून दाखवलं. कुठल्या रकान्यात काय लिहिलंय, ते कशाला लागतं, कुठे जातं. तिनं वकिलासारखे प्रश्न विचारले. ‘‘हेच्यात जमिनीचा काय आसा?’’ नाही. ‘‘दुसऱ्या कोणाचा नाव आसा?’’ माझं आहे, घरातला माणूस म्हणून. ‘‘तुझा कित्याक?’’ ते समजावता समजावता मला घाम फुटला. ऑपरेटरही ऐकत होते. त्यांनीही, मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच तो अर्ज पूर्ण ऐकला.

‘‘पत्तो खंयचो घातलंस?’’ तिनं विचारलं.

‘‘ह्याच घराचो.’’

‘‘माझ्या नावाखाली?’’

‘‘होय, तुझ्याच नावाखाली.’’

‘‘परत वाच,’’ ती म्हणाली. मी पुन्हा वाचला. मग तिनं पदराखालून हात काढले.

आणि मशीनला तिचे ठसेच मिळेनात! जन्मभर काजूच्या बिया फोडून टरफलातल्या तेलानं तिच्या बोटांची कातडी कितीदा गेली आणि कितीदा आली होती. ऑपरेटरनी हात पुसले, पुन्हा ठेवले, दाबले. काही नाही. आते खो खो हसायला लागली. ‘‘इतकी वर्सां जपलंय, आणि हेका कायच दिसना!’’ आम्हीही हसलो. शेवटी डोळ्यांनी काम निभावलं. बायकोनं पापण्या वर धरल्या, चार-पाच खटपटींनंतर बुबुळांची नोंद झाली, आणि बोटांच्या ऐवजी हातांचा फोटो घेऊन ऑपरेटरनी अर्ज पुढे पाठवला.

कार्ड शिबिराच्या तीन दिवस आधी आलं. शिबिराच्या दिवशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी तिला उचललं आणि गाडीत ठेवलं. दोन वर्षांनी ती घराबाहेर पडत होती. वाटेत प्रत्येक वळणावर ती विचारत होती, ‘‘आता खंय इलो?’’ आणि मी सांगत होतो.

शिबिरात ही गर्दी. नंबर लागला, तपासणी झाली, आतेला हिरवा गाऊन घातला. मग सिस्टर संमतीचा कागद घेऊन आल्या, चांगला चार पानी, आणि सोबत शाईचं पॅड. ‘‘आजींचा अंगठा घ्या, लवकर, पुढचे थांबलेत,’’ असं म्हणून त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. मी अजून काही बोलायच्या आत आतेनं आपण होऊन अंगठा पुढे केला. तिचा हात हवेत, कागद कुठे आहे ते तिला दिसत नाही.

‘‘वाचलंस मां तू?’’ तिनं विचारलं.

‘‘वाचलंय,’’ मी म्हणालो.

‘‘मगे झाला.’’

मी एक ओळही वाचली नव्हती. शब्द तोंडातून इतका सहज निघाला की मलाच तो उशिरा ऐकू आला. हायस्कुलात पालकांना हजारदा हेच सांगितलं होतं, करा हो सही, काही नाही त्यात. वाईट हेतू कधीच नव्हता. घाई होती, आणि समोरचं माणूस विश्वासानं बघत होतं. तालुक्याच्या कचेरीत माझे वडीलही याच जागी, याच आवाजात बोलले असतील.

पॅडकडे आलेला तिचा अंगठा मी बाजूला केला.

‘‘आते, खोटा बोललंय मी,’’ मी म्हणालो. ‘‘वाचूक नाय. थांब.’’

सिस्टर वैतागल्या. मागच्या रांगेत कुणीतरी ‘काय चल्ला हा?’ म्हणून ओरडलं. मी चष्मा काढून पुसला, आतेच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसलो आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागलो.