राक्षसाने बायकोचं नाव घेतलं

गुणाजी राक्षस फार घरगुती करायचा. भांडुपच्या आमच्या चाळीत पूजेला दशावतारी नाटक व्हायचं. त्यात कथा तेवढी ठरलेली, बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या जमवायचं. गुणाजीचा राक्षस स्वर्गावर चाल करून निघायचा आणि मध्येच थांबून म्हणायचा, "मी राक्षस असलंय तरी आंघोळीक पाणी व्हयाच ना." लोक पोट धरून हसायचे. देवांकडे मग कोण बघतो.

गिरणीच्या संपात गुणाजीची नोकरी गेली ती गेलीच. त्याच सुमारास चाळीचा नळ बाळाने बळकावला. हा बाळा म्हणजे एक नंबरचा मवाली. रांगेत पुढे कोण, हे त्याच्या हातातली सायकलची चेन ठरवायची. म्हातारी सोनूबाई उलट बोलली, तर त्याने तिचा हात हंड्यासकट भिंतीवर आपटून मोडला. चाळीत कोणी हूं की चूं केलं नाही.

गुणाजीने केलं, पण राक्षस होऊन. त्या पूजेला त्याच्या राक्षसाने स्वर्गातला नळ ताब्यात घेतला. मनगटाला रुमाल, हातात चेन, चाल थेट बाळाची. बाळाने आधीच बजावलं होतं, "माझी नक्कल केलीस ना, तर जिवंत नाय सोडणार."

पहिल्या रांगेतून उठून बाळा वर चढला आणि त्याने चेन फिरवली. पहिल्या फटक्यात मुकुट उडाला, दुसऱ्यात कान फाटला. लोक टाळ्या पिटत होते. राक्षसाला मारायला बाळालाच शर्टपँटमधला देव केलाय, ही गुणाजीचीच गंमत असणार. तोंड लाल रंगवलेलं, त्यावर रक्त कोणाला दिसणार?

"सुलक्षणा," गुणाजी ओरडला.

हशा दुप्पट झाला. मार खाताना राक्षस बायकोला हाक मारतो, हे तर अगदी त्याच्या तऱ्हेचं.

मागे बायकांत बसलेली सुलक्षणा तेवढी हसली नाही. नवऱ्याने चारचौघांत तिचं नाव कधीच घेतलं नव्हतं, नुसतं 'गो' म्हणायचा. ती उठली. तिसरा फटका जबड्यावर बसला, तोवर तिने पूजेतली पितळी समई जळत्या वातींसकट उचलली होती. ती तिने बाळाच्या डोक्यात घातली. तो पडल्यावर आणखी दोनदा घातली. तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

बाळा जगला, पण परत नळावर आला नाही. गुणाजीचा जबडा काही नीट जुळला नाही. आता तो तिला नावानेच हाक मारतो. नाव अर्धंच उमटतं, आणि ती हातातलं टाकून धावत येते, अजूनही.