तालमीतलं गिऱ्हाईक

थांबासाहेबांची आणि लेखिकेची पहिली भेट झाली तेव्हा लेखिका दीड फूट हवेत होती.

त्याआधी ती खुर्चीत व्यवस्थित बसली होती. गादी कंपनीतला पहिलाच दिवस. समोरच्या पडद्यावर कंपनीची वेबसाइट, आणि वेबसाइटवर एका ऐसपैस गादीच्या फोटोखाली चुकून उशीचं वर्णन. गाद्यांची वर्णनं लिहायलाच तिला नेमलं होतं, म्हणून ऑफिसने सकाळीच तिचं 'लेखिका' असं बारसं केलं होतं. आल्या आल्या एक चूक दुरुस्त करावी, चांगलं दिसेल, अशा हिशोबाने तिने कीबोर्डकडे बोट नेलं, आणि मागून आरोळी आली, "थांबा!"

त्या आरोळीने खिडकीतली कबुतरं उडाली. फाटकावरच्या वॉचमनने आत येणारा ट्रक अडवला आणि का अडवला ते त्यालाच सांगता येईना. शेजारच्या इमारतीत अर्धा तास तोंड उघडायला तयार नसलेल्या एका पेशंटने आ वासला आणि दंतवैद्याने ती संधी साधली. लेखिका वर गेली, खाली आली, आणि वळून पाहते तो काय, आवाजाच्या मानाने माणूस फारच कमी निघाला. पन्नाशी ओलांडलेली, अंगकाठी छत्रीसारखी, चष्मा कपाळावर, हातात चहाचा अर्धा कप. उरलेला अर्धा चहा शर्टावर होता.

"बाई, ते दुकान आहे," ते घाम पुसत म्हणाले.

"कुठलं?"

"तुम्ही बोट लावत होतात ते. खरं. जिवंत. आत्ता या क्षणाला कुणीतरी दुखऱ्या कमरेवर हात ठेवून तिथे गादी बघत असेल. त्याच्या डोळ्यांदेखत तुम्ही अक्षरं हलवणार?"

ऑफिसात त्यांना थांबासाहेब म्हणत. समोरही म्हणत. त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे, कारण दिवसातून चाळीस वेळा ते तेवढा एकच शब्द बोलत आणि त्याचाच पगार घेत.

थांबासाहेबांकडे कंपनीची एक वेबसाइट नव्हती, तीन होत्या. कॉम्प्युटरवाली मंडळी त्यांना डेव्हलपमेंट, स्टेजिंग आणि प्रॉडक्शन म्हणतात. थांबासाहेब म्हणत कारखाना, तालीम आणि दुकान. कारखान्यात काहीही मोडा, तोडा, उलटं टांगा, कुणी विचारणार नाही. तालीम म्हणजे दुकानाची हुबेहूब जुळी बहीण. सगळं तसंच, फक्त गिऱ्हाईक खोटं. आणि दुकान म्हणजे दुकान. तिथे थांबासाहेबांखेरीज कुणी बोट लावायचं नाही. कुठलाही बदल, मग तो स्वल्पविरामाचा का असेना, तीन दिवस कारखान्यात राही, सात दिवस तालमीत मुरे, आणि मग मंगळवारी सकाळी अकरा वाजता दुकानात चढे. मंगळवारच का? सोमवारी लोक चिडलेले असतात, बुधवारपासून त्यांना रविवारचे वेध लागतात. थांबासाहेबांनी याचा अभ्यास केला होता.

जुळ्या बहिणींत घोळ होऊ नये म्हणून तालमीच्या डोक्यावर हळदीच्या रंगाची पट्टी होती: 'ही तालीम आहे. इथे गादी मिळत नाही.'

तालमीला गिऱ्हाईक लागतं. तेही थांबासाहेबांनी घडवलं होतं. त्याचं नाव परीक्षक आजोबा. आणखी कुणी असतं तर नाव टाकून मोकळं झालं असतं. थांबासाहेबांनी आजोबांना एकाहत्तर वर्षं वय दिलं, कंबरदुखी दिली, न पटणाऱ्या दोन सुना दिल्या आणि तिसऱ्या मजल्यावरचं लिफ्ट नसलेलं घर दिलं. हे आजोबा रोज सकाळी सव्वानऊला आपोआप जागे होत आणि चाळीस गाद्यांची ऑर्डर देत.

"एका म्हाताऱ्याला चाळीस गाद्या कशाला?" लेखिकेने विचारलं.

"भार पेलतो का बघायला नको? एक गादी कुणीही विकेल."

घरीही हाच खाक्या. एकदा घरी विसरलेला चष्मा द्यायला त्यांच्या पत्नी ऑफिसात आल्या. सगळे त्यांना वहिनी म्हणत. वहिनी लेखिकेशेजारी टेकल्या आणि दोन मिनिटांत मोकळ्या झाल्या.

"माझ्याशी भांडायचं असलं ना, की हे आधी आरशासमोर भांडतात. मग गॅलरीत कुंड्यांसमोर. माझ्यापर्यंत येईतो राग संपतो, मग विचारतात, 'चहा टाकू का?' बावीस वर्षांत माझ्या वाट्याला एक धड भांडण आलं नाही हो! सगळी मजा कुंड्यांची."

"अगं, हळू बोल, ऑफिस आहे," थांबासाहेब कुजबुजले.

"बघ, हेसुद्धा तिसऱ्यांदा म्हणाले. दोनदा मनात म्हणून झालंय."

लेखिकेला मात्र हसायला फुरसत नव्हती. तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. काम आवडलं तर कायम, नाही तर नमस्कार. दोन वर्षांत ही तिची चौथी नोकरी. तिच्याबरोबर राहणाऱ्या आईने मोठी बॅग अजून पूर्ण उघडलीच नव्हती. लागेल तसा एकेक कपडा चेन अर्धी सरकवून काढायची. "तू कायम झालीस की लावते कपाटात," म्हणायची. आवाजात कुठेही टोमणा नसायचा, म्हणून तर तो जास्त लागायचा.

तेव्हा लेखिकेने जीव ओतून लिहिलं. गादीबद्दल माणूस लिहून लिहून किती लिहील? तिने बावीस पानं लिहिली. पानं कारखान्यातून तालमीत आली, आणि मालकांनी बघायला मागितली. नेमकी ती हळदी पट्टी तिच्या पहिल्याच ओळीवर बसत होती.

"एक तासभर काढा ना पट्टी," ती म्हणाली. "मालकांनी पाहिलं की लगेच लावा."

"थांबा—"

"साहेब, माझं कायम व्हायचं त्या ओळीवर आहे."

थांबासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आणि हयातीत पहिल्यांदा न मुरलेला बदल केला. पट्टी निघाली. मालकांनी पानं मोबाइलवर पाहिली, "वा!" म्हणाले आणि ती लिंक मोबाइलच्या पहिल्याच पानावर ठेवून दिली.

तासाभराने पट्टी परत लावायची होती. पण पट्टी लावणं हाही बदलच. तो तीन दिवस कारखान्यात राहायला हवा, मग सात दिवस तालमीत मुरायला हवा. आणि पट्टी तर तालमीचीच. ती तालमीत न लावता तालमीत मुरवायची कशी? थांबासाहेबांनी यावर पाच आठवडे विचार केला. वहीची अकरा पानं भरली. पट्टी काही लागली नाही.

इकडे मालक रोज सकाळी मोबाइल उघडत. मालक म्हणून आत शिरलं की कोपऱ्यात त्या दिवशी गेलेल्या गाद्यांचा आकडा दिसे. चाळीस. रोज चाळीस! आधी महिन्याला कशाबशा दहा जायच्या. मालक शीळ घालत जिना चढू लागले. लेखिका दिसली की म्हणत, "बाई, तुमच्या शब्दांत जादू आहे. फक्त तिथे 'मऊ'च्या जागी 'मऊसूत' करा." असा एक शब्द बदलला की थांबासाहेबांच्या नियमाने पानांचे सात दिवस पहिल्यापासून मोजायचे. अशी ती बावीस पानं पाच आठवडे तालमीतच राहिली. मालक नुसते नमुना बघून खूश होताहेत, असं या दोघांना वाटे. मालकांना वाटे, दुकान धो धो चाललंय.

मग गाद्या येऊ लागल्या. मालकांनी रोज चाळीस गाद्या बनवायला सांगितलं होतं. गोदाम भरलं, जिना भरला, कॅन्टीनमध्ये लोक मांडी घालून जेवू लागले, आणि हिशोबनीस दुपारी अडीच ते चार सापडेनासे झाले. गोदाम सांभाळणारे काका वर येऊन ओरडले, "गाद्या येतात, पत्ते येत नाहीत! पाठवू कुणाला?"

"येतील हो पत्ते," मालक म्हणाले. "गर्दीत मागेपुढे होतं."

एका बुधवारी मालकांनी लेखिकेला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक पत्र होतं, सही झालेलं. तिला उलटं वाचता येत होतं: 'कायम'.

"शुक्रवारी सगळ्यांसमोर देणार," मालक म्हणाले. "आणि त्याच वेळी आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा सत्कारही करू. तुम्ही त्यांना घेऊन या. वयस्कर आहेत बरं, कंबरेचा त्रास आहे, हळू आणा." त्यांनी मोबाइल पुढे केला. यादीत एकाखाली एक, पाच आठवड्यांचे, परीक्षक आजोबा.

लेखिका तशीच थांबासाहेबांकडे आली आणि सत्काराचं सांगितलं. थांबासाहेबांनी पट्टीची वही मिटली.

"गप्प बसलो तर?" ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंतच. पत्र एकदा हातात पडू दे. आजोबा आजारी आहेत म्हणून सांगते."

"मग ते भेटायला जातील."

"मग गावाला गेलेत म्हणते."

"बाई, गोदामात आता काकांनाही जागा राहिलेली नाही. आणखी दोन दिवसांत भिंत पडेल."

तिने गाद्यांनी भरलेल्या जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चला."

"थांबा," थांबासाहेब म्हणाले. "आधी तालीम."

आधी ते जिन्याच्या भिंतीसमोर एकटेच बोलून आले, तो कारखाना. मग लेखिका गाद्यांच्या थप्पीवर मालक होऊन बसली आणि त्यांना यथेच्छ ओरडली, ती तालीम. पाऊण तासात ते दुकानावर, म्हणजे केबिनच्या दाराशी. मुरणं नाही, मंगळवार नाही.

"साहेब, ते आजोबा नाहीत," थांबासाहेब म्हणाले.

मालकांनी चष्मा काढला. "अरेरे! कधी गेले?"

हे तालमीत नव्हतं. तालमीत मालक इथे टेबलावर मूठ आपटत असत. थांबासाहेबांनी पाठ केलेलं पुढचं वाक्य म्हटलं, "आपलं रागावणं रास्त आहे."

"मी कुठे रागावलोय? मला वाईट वाटतंय. आज सकाळीच चाळीस मागवल्या हो त्यांनी."

"गेले नाहीत, साहेब. जन्मलेच नाहीत. मीच केलेत त्यांना."

मग पट्टीपासून सगळं सांगून झालं. "पट्टी मी काढली," थांबासाहेब म्हणाले. "चूक माझी."

पत्र टेबलावर हाताच्या अंतरावर होतं. लेखिकेने त्याच्याकडे पाहिलं नाही. "मी काढायला लावली," ती म्हणाली.

मालकांनी मोबाइल थांबासाहेबांपुढे धरला. "मग आपलं दुकान कुठलं?"

थांबासाहेबांनी दाखवलं. तिथे मालकांचा नऊ वर्षांपूर्वीचा फोटो होता, केसांसकट. कोपऱ्यात आजचा आकडा होता शून्य.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"आम्हा दोघांना."

"मला इतके दिवस कळलं नाही, हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"तेही आम्हा दोघांनाच."

मालकांनी दार लावून घेतलं. मग पत्र उचलून लेखिकेच्या हातात दिलं. "शुक्रवार कशाला? आत्ताच घ्या. आणि या पाच आठवड्यांबद्दल बाहेर एक शब्द नाही. गाद्यांचं मी बघतो."

बावीस पानं त्याच दुपारी दुकानात चढली. त्या महिन्यात अकरा गाद्या खपल्या, दोन परत आल्या. लेखिका वर्षभर राहिली आणि चष्म्यांच्या कंपनीत गेली. एका वेबसाइटच्या तीन प्रती असल्या की घोटाळे होतात, असं सांगून मालकांनी तालीम बंद करवली. थांबासाहेबांची बदली गोदामात झाली आणि चार वर्षांनी ते तिथूनच निवृत्त झाले.